दुकानाच्या भिंतीवरचा डबा

आम्ही वडनेरच्या बाया बोलतोय. हिंगणघाट तालुक्यातलं वडनेर, नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावरचं. मागे एकदा आम्ही याच रेडिओवर तूरडाळीच्या पॅकिंगबद्दल बोललो होतो. आजचा विषय जरा कोरडा वाटेल, पण शेवटपर्यंत ऐका. यात आमचे पैसे गेले आहेत, आणि पैशांहून मोठी एक गोष्ट जाता जाता राहिली.

आमच्या गटाचं छोटं दुकान आहे. एका बाजूला मसाले, डाळ, पापड. दुसऱ्या बाजूला एक संगणक, एक प्रिंटर. सातबारा काढून देणं, लाईट बिल भरणं, पोरापोरींचे परीक्षेचे फॉर्म भरणं, हे काम तिथं चालतं. इंटरनेट आहे फायबरचं. चार वर्षांपूर्वी कंपनीचा माणूस आला, दाराच्या वर एक पांढरा डबा ठोकला, दोन दिवे लागले आणि तो गेला. त्या डब्याला राऊटर म्हणतात. कोणी मोडेम म्हणतं, आम्ही डबाच म्हणतो. चार वर्षांत आम्ही त्याच्यावरची धूळ पुसली, दिवाळीला झेंडूची माळही घातली. पण तो काय करतो, हे कोणी विचारलं नाही.

मागच्या वर्षी दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या खजिनदार वहिनींनी दुकानाचं खातं बघायला बँकेची साईट उघडली. नेहमीसारखं नाव टाकलं, पासवर्ड टाकला. मग ओटीपी मागितला, तोही टाकला. त्यावर ‘सर्व्हर बंद आहे, थोड्या वेळाने प्रयत्न करा’ असं आलं. आता असं तर रोजच होतं, म्हणून त्या उठून डाळ भरायला गेल्या. वीस मिनिटांनी फोनवर मेसेज आला. खात्यातून २६,४०० रुपये गेले होते.

वहिनी घाबरल्या, पण हातपाय गाळून बसल्या नाहीत. लगेच १९३० ला फोन लावला. हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे, बायांनो, तो प्रत्येकीने फोनमध्ये आधीच ठेवा, कारण अशा वेळी शोधायला सुचत नाही. तक्रार लगेच केल्यामुळे ९,००० रुपये समोरच्या खात्यात अडकवता आले. बाकीचे तोपर्यंत पुढे गेले होते. बँकेत गेलो तर त्यांनी विचारलं, ओटीपी कोणी टाकला? वहिनी म्हणाल्या, मी टाकला. मग तुमचीच चूक, असं उत्तर मिळालं. गटाचं बचत खातं दोन सह्यांचं आहे, ते वाचलं. गेले ते दुकानाच्या चालू खात्यातले, म्हणजे उडीद आणायला ठेवलेले.

आता जे सांगतोय ते सांगायला जड जातं. आम्ही वहिनींना दोष दिला. तोंडावर कमी, मागे जास्त. कोणी म्हणालं, कोणाच्या तरी फोनवर बोलली असेल. कोणी म्हणालं, कुठल्या तरी लिंकवर बोट लागलं असेल. त्या एकच सांगत होत्या, की मला कोणाचा फोन आला नाही, कुठली लिंक आली नाही, बँकेचा पत्ता मी स्वतः टाकला, अक्षर न् अक्षर. आमचा विश्वास बसला नाही. पुढच्या बैठकीत त्यांनी चाव्या आणि वही ठेवून दिली. अकरा वर्षं ज्यांनी एक रुपयाचा हिशेब चुकू दिला नाही, त्या बाईने वही ठेवली आणि आमच्यातल्या कोणीही ‘राहू द्या’ म्हटलं नाही.

महिनाभराने आमच्यातल्या एकीची मुलगी सुट्टीत घरी आली. ती पॉलिटेक्निकला शिकते. दुकानात बसल्या बसल्या तिने फोनवर त्याच बँकेची साईट उघडली, तर फोनवर लाल इशारा आला, ‘ही साईट सुरक्षित नाही, तुमची माहिती चोरीला जाऊ शकते.’ तिने वायफाय बंद केलं, सिमकार्डाच्या डेटावर तीच साईट उघडली. बिनतक्रार उघडली. परत वायफाय लावलं, परत लाल. मग तिने आईचा फोन घेतला. दोन फोन काउंटरवर शेजारी ठेवले, एक वायफायवर, एक डेटावर. पत्ता दोन्हीत तोच, पण पानं वेगळी. ‘काकू,’ ती म्हणाली, ‘खोट तुमच्या बँकेत नाही आणि संगणकातपण नाही. तुमच्या त्या डब्यात आहे.’

आमच्या जुन्या संगणकाने लाल इशारा दाखवलाच नव्हता. कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘सुरक्षित नाही’ एवढंच लिहून त्याने पान उघडलं होतं. नवा फोन आडवा आला, जुना संगणक आला नाही.

डब्यात काय झालं होतं, ते आम्हाला समजलं तसं सांगतो. आमच्या वडनेर फाट्यावर पाट्या आहेत, इकडे हिंगणघाट, तिकडे पांढरकवडा. समजा रात्री कोणी येऊन पाटी फिरवून ठेवली. सकाळी परगावचा ड्रायव्हर पाटी वाचून वळेल आणि भलत्याच गावात पोचेल. त्याला हिंगणघाटलाच जायचं होतं, वाचलंही त्याने बरोबर, फक्त पाटी खोटी होती. इंटरनेटवर असंच असतं. आपण बँकेचं नाव टाकतो, पण यंत्राला नाव कळत नाही, आकडे कळतात. नावावरून आकडा सांगणारी एक व्यवस्था असते, तिला डीएनएस म्हणतात. आणि कोणत्या डीएनएसला विचारायचं, हे दुकानातल्या सगळ्या फोनांना आणि संगणकांना तो भिंतीवरचा डबा सांगतो. डब्यातला तेवढा एक आकडा कोणी बदलला, की दुकानातली प्रत्येक बाई बरोबर पत्ता टाकून चुकीच्या दारात जाते.

मुलीने डब्याच्या आतलं पान उघडलं. प्रत्येक राऊटरला असं एक पान असतं. दुकानाच्या वायफायवरून ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ असा काहीसा आकडा टाकला की ते उघडतं. तिथं नाव आणि पासवर्ड मागतात. तिने नाव टाकलं ‘अॅडमिन’, पासवर्ड टाकला ‘अॅडमिन’. उघडलं! चार वर्षं आमच्या दुकानाला हेच कुलूप होतं. आम्ही तर समजत होतो की आमचा पासवर्ड अवघड आहे. पण तो वायफायचा. बायांनो, हे नीट ऐका, डब्याचे पासवर्ड दोन असतात. एक वायफायचा, जो आपण पाहुण्यालाही सांगतो. दुसरा डब्याचा स्वतःचा, ज्याने डब्यातलं सगळं बदलता येतं. हा दुसरा असतो हेच आपल्यातल्या बहुतेकींना माहीत नसतं. आणि आमचा पहिला तर भिंतीवर खडूने लिहिलेला होता, गिऱ्हाइकांच्या सोयीसाठी.

पहिला प्रश्न आम्हाला पडला तो तुम्हालाही पडला असेल. जगातल्या कुठल्या चोराला वडनेरमधलं आमचं दुकान सापडलं कसं? आणि सापडलं तरी आमच्याकडे होतं काय? याचं उत्तर असं, की तो चोर दुकान बघून येतच नाही. एक प्रोग्राम असतो, तो रात्रंदिवस इंटरनेटवरचे आकडे एकामागून एक ठोठावत फिरतो. जिथं ‘अॅडमिन-अॅडमिन’ने दार उघडलं, तिथं शिरतो. २०१६ साली मिराई नावाचा असा प्रोग्राम आला होता. त्याच्याकडे साठेक नाव-पासवर्डांची यादी होती, कंपन्या कारखान्यातच घालून देतात तेच. तेवढ्यावर त्याने लाखो कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ ला त्या फौजेने अमेरिकेतल्या डिन नावाच्या कंपनीवर हल्ला केला. ही कंपनीसुद्धा नावावरून आकडा सांगायचंच काम करायची. तिच्यावर भार पडला आणि ट्विटरसारख्या मोठ्या साईट कित्येक तास उघडेनात. ज्यांच्या घरचे कॅमेरे आणि डबे वापरले गेले, त्यांना पत्ताही नव्हता.

हे लांबचं झालं. आपल्या देशातलंही आहे. जुलै २०१७ च्या शेवटी बीएसएनएलच्या हजारो ग्राहकांचे ब्रॉडबँड मोडेम अचानक बंद पडले. कारण तेच, कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदलला नव्हता. तेव्हा कंपनीने लोकांना पासवर्ड बदला म्हणून सांगितलं. गंमत अशी, की ब्रिकरबॉट नावाचा प्रोग्राम करणाऱ्या एका माणसाने हे मी केलं असं सांगितलं. त्याचं म्हणणं, असे उघडे डबे दुसऱ्याच्या हाती पडण्यापेक्षा बंद पडलेले बरे. आमच्यातल्या एकीला हे पटलं. बाकीच्यांना नाही. शेजारणीने दार उघडं टाकलं म्हणून तिचं घर पेटवून द्यायचं का?

आणि आमच्यासारखं, म्हणजे पाटी फिरवण्याचं, २०११ मध्ये ब्राझील देशात झालं. सुमारे ४५ लाख मोडेमांमधला तो आकडा बदलला गेला आणि लोक बँकांच्या खोट्या पानांवर जाऊ लागले. त्यात एक वेगळी गोष्ट होती. काही मोडेमच्या आतल्या प्रोग्राममध्येच खोट होती, तिच्यातून पासवर्ड बाहेरूनच काढून घेता यायचा. म्हणजे एखादीने पासवर्ड बदलला असता तरी ती सुटली नसती.

हे ऐकून आम्ही जरा हबकलो. कुलूप आपण लावू, पण दारच पोकळ असेल तर? डब्याच्या आत एक छोटा संगणक असतो आणि त्याचा प्रोग्राम माणसांनीच लिहिलेला असतो. चुका राहतात. कधी तर चुकून नाही, मुद्दाम राहतात. २०१३ साली क्रेग हेफनर नावाच्या एका अभ्यासकाने डी-लिंक कंपनीच्या काही राऊटरांचा प्रोग्राम उलगडून पाहिला. आपला ब्राउझर कोणत्याही साईटकडे जातो तेव्हा आधी स्वतःचं नाव सांगतो, मी अमुक. त्या राऊटरांकडे एक विशिष्ट लांबलचक नाव सांगत गेलं, की तो पासवर्ड न विचारता आत घ्यायचा. ते नाव उलटं वाचलं तर त्यात ‘जोएल’ आणि ‘मागचं दार’ या अर्थाचे इंग्रजी शब्द निघत होते. कोणी जोएल नावाच्या माणसाने कामाच्या सोयीसाठी ठेवलेलं मागचं दार, आणि ते तसंच राहून लोकांच्या घरात पोचलं. पुढे कंपनीने सुधारलेला प्रोग्राम दिला. पण तो आपल्या डब्यात घालून घेणं हे आपल्यावर.

म्हणून डब्याचं अपडेट करायचं असतं, जसं फोनचं करतो. फोन स्वतः विचारतो, हा बिचारा बोलत नाही. आणि डबा फार जुना झाला की कंपनी त्याचं अपडेट देणंच बंद करते. दिवे लागतात, नेट चालतं, पण आतली भोकं कोणी बुजवत नाही. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या सरकारने जाहीर केलं, की छोट्या ऑफिसांतले आणि घरांतले शेकडो राऊटर हेरगिरीच्या कामाला आडोसा म्हणून वापरले जात होते. त्यातले बहुतेक सिस्को आणि नेटगिअर कंपनीचे, अपडेट बंद झालेले जुने होते. चालतंय ना, मग कशाला बदलायचं, हे आपण मिक्सरबद्दल म्हणू शकतो. डब्याबद्दल नाही.

आमच्या डब्यात नेमकं कुठून शिरले? मुलीने दोन शक्यता सांगितल्या. एक, बाहेरून. डब्यात ‘रिमोट मॅनेजमेंट’ म्हणून एक सोय असते, ती चालू होती. म्हणजे डब्याचं आतलं पान जगात कुठूनही उघडता येत होतं. दुसरी, आतून. गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये एखादं वाईट अॅप असेल, तर तो फोन आपल्या वायफायला जोडला की ते अॅप डब्याचा पासवर्ड ठोठावून बघतं. २०१६ च्या डिसेंबरमध्ये कॅस्परस्की कंपनीने असं एक अँड्रॉइडवरचं अॅप दाखवून दिलं होतं, ते नेमका हाच आकडा बदलायचं. दोन्ही दारं आमच्याकडे सताड उघडी होती, तेव्हा कोणत्या दाराने आला हे विचारून उपयोग नव्हता.

त्या दिवशी दुपारीच आम्ही वहिनींच्या घरी गेलो. पाच जणी. त्या अंगणात सरकी निवडत होत्या. मुलीने त्यांना दोन्ही फोन दाखवले. त्यांनी नीट बघितलं, परत बघितलं, आणि एवढंच म्हणाल्या, ‘मी म्हणत होती नं, पत्ता मी बराबर टाकला होता.’ आम्ही काय बोलणार? एकीने वही पुढे केली. त्यांनी ती लगेच घेतली नाही. चहा केला. आम्ही निघालो तेव्हा म्हणाल्या, आधी तो डबा नीट करा, मग बघू.

मग डबा नीट करायला घेतला आणि पहिल्याच दिवशी माती खाल्ली. मुलगी परत कॉलेजला गेली होती. आम्ही कुठंतरी ऐकलं की मागच्या भोकात सुई घालून दहा सेकंद दाबलं की सगळं धुऊन निघतं. दाबलं. धुऊन निघालं, पण त्यात कंपनीने टाकलेलं आमच्या कनेक्शनचं नाव आणि पासवर्डही गेला. दोन दिवस दुकानात नेट नाही. फॉर्मची शेवटची तारीख जवळ, पोरं दारात उभी. वर आणखी एक, असं धुतलं की डब्याचा पासवर्ड परत कारखान्यातलाच होतो! तेव्हा सुई घालायच्या आधी कंपनीला फोन करा, कनेक्शनची माहिती कागदावर लिहून घ्या, मगच हात लावा. नुसतं बंद करून चालू केल्याने बदललेला आकडा जात नाही, तो आत साठवलेला असतो.

कंपनीचा माणूस तिसऱ्या दिवशी आला. आम्ही म्हटलं, डब्याचा पासवर्ड बदलून आमच्या हातात द्या. तो म्हणाला, ‘ताई, तो कस्टमरला देत नाहीत. काही होत नाही त्यानं.’ आम्ही म्हटलं, झालं आहे, २६,४०० चं झालं आहे. तो म्हणाला, वरून परवानगी नाही. आम्ही खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि गटाच्या लेटरहेडवर अर्ज लिहायला बसलो, की ‘पासवर्ड बदलून न दिल्यास पुढील नुकसानीची जबाबदारी आपली राहील, याची लेखी पोच द्यावी.’ पोच द्यायची वेळ आली तेव्हा त्याने फोन लावला. परवानगी दहा मिनिटांत आली. मुलगा वाईट नव्हता, त्याच्या मागे रोज वीस घरं असतात. पण त्याच्या घाईचं ओझं आपण का उचलायचं?

तो समोर असताना आम्ही काय काय करून घेतलं ते सांगतो. डब्याचा पासवर्ड बदलला, लांब ठेवला. काय ठेवला ते रेडिओवर सांगणार नाही, हसू नका. रिमोट मॅनेजमेंट बंद केलं. डब्यावर डब्ल्यूपीएस नावाचं एक बटण असतं, ते दाबलं की पासवर्ड न टाकता फोन जोडता येतो, तीही सोय बंद केली. प्रोग्रामचं अपडेट होतं, ते घेतलं, पाच मिनिटं लागली. डीएनएसचा आकडा कंपनीचाच आहे ना, ते बघून वहीत लिहून ठेवलं. आणि सगळ्यात उपयोगाचं म्हणजे गिऱ्हाइकांसाठी ‘गेस्ट’ म्हणून वेगळं वायफाय करून घेतलं. त्याच डब्यातून निघतं, जास्तीचा पैसा नाही, पण पाहुणा ओसरीवर राहतो, माजघरात येत नाही. आमचा बँकेचा संगणक आणि प्रिंटर माजघरात. भिंतीवरचा खडू पुसला, आता ओसरीचा पासवर्ड पाटीवर लिहितो आणि महिन्याला बदलतो.

पासवर्ड कागदावर लिहू नका असं पुष्कळ जण सांगतात. आमचं मत वेगळं आहे. लांब आणि अवघड पासवर्ड लक्षात राहत नाही, म्हणून लोक सोपा ठेवतात. त्यापेक्षा अवघड ठेवा, चिठ्ठीवर लिहा आणि ती गटाच्या पेटीत चेकबुकाशेजारी कुलपात ठेवा. परदेशातला चोर आपल्या पेटीपर्यंत येत नाही.

एक शंका बऱ्याच जणी विचारतात, पैसे मिळाले की बोलणारं ते क्यूआरचं यंत्र, त्याचं काय? ते बहुधा स्वतःच्या सिमकार्डावर चालतं, डब्यातून जात नाही. पण दुकानातला वायफायचा कॅमेरा डब्यातून जातो आणि त्याचाही असाच कारखान्यातला पासवर्ड असतो. तोही बदला. संगणकात काही शिरलं असेल असं वाटलं, तर केंद्र सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र आहे, २०१७ पासूनचं, त्यांच्याकडे साफ करायची साधनं फुकट मिळतात.

बैठकीत आम्ही ठराव केला आणि प्रोसिडिंग वहीत लिहिला, की डबा ही गटाची मालमत्ता समजावी, एका बाईच्या नावे जबाबदारी असावी आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तिने आतलं पान उघडून डीएनएसचा आकडा वहीतल्या आकड्याशी ताडून बघावा. त्याच वहीत दुसरा ठराव आहे, की मागील महिन्यात खजिनदारांबद्दल जे बोललं गेलं ते चुकीचं होतं. तो ठराव मोठ्याने वाचून दाखवला. सह्या सगळ्यांच्या आहेत, अंगठा एकीचा.

वहिनींनी वही घेतली. डब्याची जबाबदारीही त्यांनीच मागून घेतली. ९,००० रुपये परत मिळाले. बाकीच्या १७,४०० साठी तक्रार चालू आहे, आम्ही महिन्यातून एकदा हिंगणघाटला चक्कर मारतो.

तुमच्या गावात गटाचं दुकान असेल, पिठाची गिरणी असेल, शिलाईचं केंद्र असेल आणि तिथं असा डबा असेल, तर आज घरी जायच्या आधी तो उलटा करून बघा. खाली चिठ्ठी असते, त्यावर मॉडेल आणि कारखान्यातला पासवर्ड असतो. बुधवारी दुपारी आम्ही दुकानात असतो. ती चिठ्ठी वहीत उतरवून आणा, मिळून बघू. फोटो काढून व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर मात्र टाकू नका.